मिनागावा काहो आणि ४२ वर्षांनी आलेलं पदक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आपल्याकडे दीपा कर्माकरचा प्रोदुनोव्हा व्हॉल्ट आठवतो आणि बहुतेक वेळा गप्पा तिथंच संपतात. हूप, चेंडू, रिबन घेऊन खेळल्या जाणाऱ्या दुसऱ्या, म्हणजे रिदमिक जिम्नॅस्टिक्सबद्दल कुणी विचारलंच, तर ते मुलीला क्लासला घालायच्या विचारात असलेले आईबाबा असतात किंवा ऑलिम्पिकमध्ये दोन मिनिटं चॅनल थांबवून बघितलेले लोक. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना माझी गाडी दर वेळी एकाच खेळाडूवर येऊन थांबते. म्हणून या वेळी सगळी उत्तरं तिच्याच निमित्तानं.

ही मिनागावा काहो नेमकी कोण?

जपानची रिदमिक जिम्नॅस्ट. जन्म २० ऑगस्ट १९९७, टोकियोला लागून असलेल्या चिबा प्रांतातला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती वैयक्तिक प्रकारात खेळली. पुढच्याच वर्षी इटलीतल्या पेसारो शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत तिनं हूपमध्ये ब्राँझपदक मिळवलं. जपानच्या खेळाडूला जागतिक स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळायला तोवर ४२ वर्षं उलटली होती.

पदकांची यादी एवढ्यावरच थांबते असं वाटून पुढे जाणार असाल, तर जरा थांबा. हे एक ब्राँझ कुठून आलं, हेच या पानावर सांगायचं आहे.

काहो मिनागावा की मिनागावा काहो?

जपानी लोक आडनाव आधी लावतात, म्हणून मिनागावा काहो. इंग्रजी बातम्यांत उलटं दिसतं. तिच्या नावातल्या ‘का’ या अक्षराचा अर्थ उन्हाळा आणि ‘हो’ म्हणजे धान्याचं कणीस. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीला शोभणारं नाव आहे. या पानावर सगळी जपानी नावं आडनाव आधी ठेवूनच लिहिली आहेत.

दीपा कर्माकर करायची तेच का हे?

नाही. संघटना एकच, आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ, पण खेळ वेगळा. दीपाचा प्रकार आर्टिस्टिक: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम, फ्लोअर. त्यात साधन जमिनीवर घट्ट रोवलेलं असतं आणि शरीर हवेत उडतं. रिदमिकमध्ये साधनच हवेत असतं, आणि ते खाली येईपर्यंत शरीरानं बरंच काही उरकून घ्यायचं असतं. हवेतल्या कोलांट्या, बॅकफ्लिप यांना इथं जागा नाही. लवचिकता, तोल, गिरक्या, उड्या आणि हाताची अचूकता यांवर खेळ चालतो.

जपानीत या खेळाला ‘शिनताईसो’ म्हणतात, म्हणजे ‘नवी कवायत’. शाळेच्या मैदानावर लेझीम आणि डंबेल्स केलेल्या पिढीला हे नाव लगेच पटेल.

एक योगायोगही सांगतो. दीपा जिथं व्हॉल्टमध्ये चौथी आली, त्या रिओच्या त्याच हॉलमध्ये काही दिवसांनी मिनागावा उतरली होती. आपल्याकडचे टीव्ही तोपर्यंत बंद झाले होते.

साधनं कोणती? नियम काय?

हूप, चेंडू, क्लब्ज आणि रिबन. पूर्वी दोरीही होती, पण मोठ्या वयोगटाच्या वैयक्तिक प्रकारातून ती गेली. १३ बाय १३ मीटरचा गालिचा असतो. प्रत्येक साधनाचा एक प्रयोग सव्वा ते दीड मिनिटाचा असतो आणि तो संगीतावरच करायचा असतो. साधन सतत चालतं ठेवायचं, नुसतं हातात धरून उभं राहायचं नाही.

हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटिमीटर आणि वजन किमान ३०० ग्रॅम. चेंडू १८ ते २० सेंटिमीटरचा आणि किमान ४०० ग्रॅमचा, तरीही तो बोटांत पकडायचा नाही. तळव्यावर अलगद ठेवायचा. रिबन ६ मीटर लांब आणि तिचं टोकसुद्धा जमिनीवर निपचित पडता कामा नये. हॉलमधल्या एसीच्या वाऱ्यानं रिबनला गाठ बसलेली मी पाहिली आहे, आणि ती सोडवणाऱ्या मुलीचा चेहराही.

क्लब्जबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. आपल्या आखाड्यातलं मुद्गल आणि करेल इंग्रज सैनिकांनी इथं पाहिलं, शिकून घेतलं आणि १९ व्या शतकात ते ‘इंडियन क्लब्ज’ म्हणून युरोपात गेलं. आज जिम्नॅस्टच्या हातात दिसणारे नाजूक, प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे क्लब्ज त्याच घराण्यातले. मुलीला या खेळात घालताना ‘हे सगळं परदेशी आहे’ म्हणणाऱ्या आजोबांना हे जरूर सांगा.

गुण कसे देतात? परीक्षकांच्या मर्जीवर असतं ना सगळं?

थोडं असतं. सगळं नसतं.

मिनागावानं पदक मिळवलं त्या वर्षीची पद्धत अशी होती: अवघडपणाला जास्तीत जास्त १० गुण, सफाईला जास्तीत जास्त १०, एकूण २०. अवघडपणात शरीराच्या हालचाली मोजायच्या, म्हणजे उड्या, तोल, गिरक्या. शिवाय साधनावरची हुकमत आणि फेकण्यातला धोका. ‘धोका’ म्हणजे साधन उंच फेकायचं, खाली निदान दोन पूर्ण फिरक्या घ्यायच्या आणि ते पडायच्या आत पकडायचं. पकडताना ते नजरेच्या टप्प्यात नसेल किंवा हात न वापरता पकडलं, तर किंमत वाढते.

२०१८ पासून अवघडपणावरची १० ची मर्यादा काढली. ज्याला जितकं कोंबता येईल तितकं कोंबा, असा प्रकार सुरू झाला. प्रयोग दाट झाले, दमछाक वाढली आणि नृत्य मागे पडलं. माझ्या मते मिनागावाच्या जातीच्या खेळाडूला हा बदल मानवला नाही. तिची ताकद रेषेत होती: लांब हात, शांत मान, हालचाल संपल्यावरही क्षणभर रेंगाळणारी बोटं. २०२२ मध्ये कलात्मकतेचे गुण वेगळे द्यायला लागले, पण तोवर तिची वेळ गेली होती.

साधन हातातून पडलं की खेळ खल्लास?

मोठा फटका बसतो, पण खल्लास नाही. तिच्या काळच्या नियमांत, निसटलेलं साधन जागेवरच उचललं तर ०.५० गुण जात, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, आणि तीन किंवा त्याहून जास्त पावलं पळावं लागलं तर पूर्ण १. साधन गालिच्याबाहेर गेलं तर त्याचे आणखी वेगळे. गालिच्याच्या कडेला सुटी साधनं ठेवलेली असतात. आपलं साधन प्रेक्षकांत गेलं तर त्यातलं एक उचलून खेळ चालू ठेवायचा.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये इस्राएलच्या लिनोय अश्रामची रिबन शेवटच्या प्रयोगात पडली, तरी सुवर्ण तिलाच मिळालं. त्यावरून रशियानं जो गदारोळ केला, तो अजून पूर्ण शमलेला नाही.

१५ व्या वर्षी ती रशियाला का गेली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि कारकिर्दीची किल्लीही इथंच आहे.

२००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानचा रिदमिकचा गट (पाच जणी एकत्र खेळतात तो प्रकार) होता, पण वैयक्तिक प्रकारात जपानची एकही मुलगी नव्हती. १९८४ मध्ये याच प्रकारात आठवा क्रमांक मिळवलेल्या देशाला ही गोष्ट बोचणारी होती. गटाच्या बाबतीत जपाननं आधीच एक जालीम उपाय केला होता: देशभरातून चाचणी घेऊन मुली निवडायच्या, वर्षभर एकत्र ठेवायच्या, लांबलांब मुक्कामांसाठी सेंट पीटर्सबर्गला न्यायच्या आणि प्रशिक्षक रशियन ठेवायचा. गटाचे निकाल सुधारायला लागले. मग तेच औषध वैयक्तिक प्रकाराला द्यायचं ठरलं.

२०१३ मध्ये मिनागावा आणि तिच्याच वयाची हायाकावा साकुरा, अशा दोघींना रशियात दीर्घ मुक्कामाला पाठवलं. मॉस्कोच्या वेशीवर खिमकी भागात नोव्होगोर्स्क नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. रशियाचा राष्ट्रीय संघ तिथं सराव करायचा आणि त्यावर रशियाच्या मुख्य प्रशिक्षिका इरिना विनेर यांची हुकमत होती. या दोघींची जबाबदारी नादेझ्दा खोलोदकोवा या प्रशिक्षिकेकडे आली.

रशियाच का? सिडनी २००० पासून रिओ २०१६ पर्यंत ऑलिम्पिकमधलं प्रत्येक वैयक्तिक सुवर्ण रशियाला गेलं: बार्सुकोवा, काबाएवा, कानाएवा दोनदा, मामुन. सलग पाच. कुस्ती शिकायची तर कोल्हापूरच्या तालमीत जाऊन राहायचं, तसा हा हिशेब.

हे २०१३ साल आणखी एका कारणानं महत्त्वाचं. रिदमिकमध्ये ज्या वर्षी १६ पूर्ण होतात, त्या वर्षापासून सीनियर गटात खेळता येतं. म्हणजे मिनागावाचं सीनियर गटातलं पहिलं वर्ष आणि घर सुटण्याचं वर्ष एकच. आपल्याकडे या वयात मूल दहावीच्या क्लासला जातं आणि डबा आईच्या हातचा असतो.

तिथं जाऊन तिला असं काय मिळालं जे जपानमध्ये मिळालं नसतं?

सोयी जपानमध्ये कमी नव्हत्या. हॉल, शिस्त, मेहनत या बाबतीत जपानला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. फरक दोन गोष्टींचा होता, असं मला वाटतं.

पहिली म्हणजे रोजची तुलना. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा पुण्याच्या कॉलेजात आला की त्याला आपली खरी जागा कळते, तसं. शेजारच्या गालिच्यावर जगातल्या पहिल्या पाचांतल्या मुली त्याच हालचाली शंभरदा करत असतील, तर ‘चांगलं’ या शब्दाचा अर्थच बदलतो. दुसरी गोष्ट जरा अवघड जागेची आहे. गुण माणसं देतात, तिथं खेळाडू कुठल्या घराण्याची आहे हे परीक्षकांना दिसतं. नोव्होगोर्स्कची पायांची ठेवण, बॅलेचा पाया, संगीत ऐकण्याची तऱ्हा, हे अंगात मुरलं की मिनागावा ‘जपानची एक मुलगी’ राहत नाही. ती ‘त्या शाळेची’ होते. हे न्याय्य आहे का? नाही. पण ख्याल गायकीत घराण्याचं नाव ऐकून मान डोलावणाऱ्यांनी यावर फार रागावू नये.

गमावलं काय, हेही उघड आहे: शाळेचे शेवटचे दिवस, मैत्रिणी, घरचं बोलणं. पंधराव्या वर्षी परक्या भाषेत रागावून घेणं सोपं नसतं.

रिओमध्ये १६ वी आली. मग कौतुक कशाचं?

आधी तिथं पोचली कशी ते बघा. २०१५ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत सर्वसाधारण (म्हणजे चारही साधनं मिळून काढलेल्या) क्रमवारीत पहिल्या १५ मध्ये येणाऱ्यांना थेट रिओचं तिकीट होतं. मिनागावा त्यात बसली. अथेन्स २००४ मध्ये मुराता युकारी खेळली होती. त्यानंतर ऑलिम्पिकच्या वैयक्तिक प्रकारात जपानचं नाव १२ वर्षांनी दिसलं.

रिओत २६ जणी होत्या आणि अंतिम फेरीला १० जणी जाणार होत्या. पात्रता फेरी १९ ऑगस्टला झाली. मिनागावा १६ वी राहिली आणि बाहेर पडली. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्टला. त्या दिवशी तिला १९ वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस कसा गेला असेल याची कल्पना करून बघावी.

पण मुद्दा असा, की रिओ हे त्या रशियातल्या मुक्कामाचं फळ नव्हतं. ते त्याचं पहिलं प्रमाणपत्र होतं. फळ वर्षभरानं आलं.

पेसारोमध्ये नक्की काय झालं?

पेसारो हे एड्रियाटिक समुद्राकाठचं शहर, रोस्सिनी या संगीतकाराचं जन्मगाव. ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०१७ या दिवसांत तिथल्या एड्रियाटिक अरेनामध्ये जागतिक स्पर्धा झाली.

ऑलिम्पिकनंतरचं वर्ष या खेळात विचित्र असतं. जुन्या मोठ्या खेळाडू निरोप घेतात, नियमावली नवी लागू होते आणि परीक्षकांची नजरही नव्यानं बसत असते. रिओची विजेती मामुन आणि उपविजेती कुद्र्यावत्सेवा दोघीही आता नव्हत्या. रशियानं दिना आणि अरिना आवेरिना या जुळ्या बहिणींना पुढे आणलं, आणि त्या दोघींनी पेसारो अक्षरशः वाटून घेतलं. चारही साधनांची सुवर्णपदकं आणि सर्वसाधारण विजेतेपद यातलं बहिणींच्या बाहेर काही गेलं नाही.

मग बाकीच्यांसाठी उरतं काय? फार थोडं. एका साधनाच्या अंतिम फेरीत आठ जणी असतात. त्यात दोन रशियन असल्या, की बाकीच्या सहा जणी बहुधा एका ब्राँझसाठी झगडतात. हूपमध्ये सुवर्ण दिनाला गेलं आणि ब्राँझ मिनागावाला. पोडियमच्या खालच्या पायरीवर जपान.

हूपचा प्रयोग हा तसा कसोटीचा मानतात, कारण या एका साधनात सगळं येतं: फेकणं, घरंगळवणं, अंगावरून फिरवणं, त्यातून आरपार जाणं, बोटावर गिरकी. चूक लपवायला जागा नसते. हूप जरा तिरका फेकला तरी तो खाली पडल्यावर कुठं पळेल याचा नेम नाही. मिनागावाचा हूप त्या दिवशी तिला हवा तिथं होता.

एकाच साधनात ब्राँझ. त्याला एवढं डोक्यावर का घ्यायचं?

खरं सांगू? माझ्या लेखी त्याच स्पर्धेतला दुसरा निकाल मोठा आहे. चारही साधनं मिळून काढलेल्या सर्वसाधारण क्रमवारीत मिनागावा पाचवी आली. एका साधनात एक चांगला दिवस पदक मिळवून देऊ शकतो. चार वेगवेगळ्या साधनांत, चार वेगवेगळ्या संगीतांवर, एकदाही न कोलमडता पाचवं यायचं तर नशीब पुरत नाही. वर्षभरापूर्वी ऑलिम्पिकमध्ये १६ वी असलेली मुलगी जगात पाचवी. वर्तमानपत्रं पदकाचा फोटो छापतात, त्यात त्यांचं चुकलं असं नाही, पण या खेळातली माणसं त्या पाचव्या नंबराबद्दल बोलतात.

‘४२ वर्षांनी’ हा हिशेब कुठून आला?

१९७५ मध्ये माद्रिदला झालेल्या जागतिक स्पर्धेत हिरागुची मित्सुरु या जपानी खेळाडूनं हूपमध्येच ब्राँझ मिळवलं होतं. तेव्हापासून २०१७ पर्यंत वैयक्तिक पदक नाही. साधनही तेच, रंगही तोच.

पण एक तळटीप लागते. १९७५ चा स्पेन हुकूमशहा फ्रँकोचा होता आणि सोव्हिएत संघ, बल्गेरिया अशा तेव्हाच्या बलाढ्य देशांनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली होती. सर्वसाधारण विजेतेपद पश्चिम जर्मनीच्या कारिन रोझेनबर्गला मिळालं. यावरून हिरागुचीचं पदक हलकं ठरवणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. जे आले त्यांच्यात ती तिसरी होती आणि न येण्याचा निर्णय तिचा नव्हता. एवढंच म्हणता येईल, की सगळे हजर असताना मिळालेलं जपानचं वैयक्तिक पदक बघायला पेसारोपर्यंत थांबावं लागलं.

त्याच्या आधी जपानमध्ये कुणी नावाजलेलं नव्हतं का?

होतं की! यामासाकी हिरोको. दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटावरची मुलगी, कागोशिमा प्रांत. हायस्कूलमध्ये गेल्यावर तिनं हा खेळ सुरू केला. आजच्या प्रशिक्षकांना हे सांगितलं तर ते कपाळाला हात लावतील, कारण आता चार-पाच वर्षांच्या मुली आणतात. तरीही ती सलग पाच वर्षं जपानची विजेती राहिली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला रिदमिक पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा ती आठवी आली. तिथंही बहिष्काराची सावली होती. सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया नव्हते आणि सुवर्ण कॅनडाच्या लोरी फंगनं नेलं. जपानकडून त्याच स्पर्धेत अकियामा एरिकाही होती, ती पुढे १९८८ ला सोललाही खेळली.

मुराता युकारीचं नाव वर आलंच आहे. ती सिडनीत पाचव्या आलेल्या गटात होती आणि अथेन्समध्ये एकटी उतरली. गट आणि वैयक्तिक दोन्हींतून ऑलिम्पिक खेळणं हे दुर्मीळच.

आणि गोष्टीचा सांधा इथं जुळतो: अथेन्ससाठी जपानचा गट पात्रच ठरला नाही, तेव्हा सुधारणेची सूत्रं ज्या बाईंकडे दिली त्या याच यामासाकी हिरोको. चाचणी, एकत्र मुक्काम, रशिया, ही सगळी योजना त्यांच्या काळातली. मिनागावाला नोव्होगोर्स्कचं विमान ज्या धोरणानं दाखवलं, ते बेटावरून उशिरा आलेल्या त्या मुलीनं चालवलेलं होतं.

‘फेअरी जपान’ म्हणजे मिनागावाचाच संघ का?

नाही, इथं खूप गोंधळ होतो. फेअरी जपान हा पाच जणींचा गट. पोला ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि मेकअपसुद्धा तीच बघू लागली, म्हणून नाव ‘फेअरी जपान पोला’. मिनागावा वैयक्तिक खेळाडू. दोन्ही वाटा शेजारून जातात, एकमेकींत मिसळत नाहीत.

गटाची वाट जास्त फळली. २०१५ ला श्टुटगार्टमध्ये पाच रिबनच्या प्रकारात ब्राँझ, २०१९ ला बाकूमध्ये पाच चेंडूंच्या प्रकारात सुवर्ण आणि सर्वसाधारण क्रमवारीत रौप्य. २०२५ मध्ये रिओच्या जागतिक स्पर्धेत गटानं सर्वसाधारण सुवर्णच जिंकलं. ऑलिम्पिकनं मात्र त्यांना झुलवत ठेवलं. रिओ आणि टोकियो, दोन्हीकडे आठवा नंबर.

घरच्या ऑलिम्पिकमध्ये ती का नव्हती?

टोकियोसाठी जपाननं वैयक्तिक प्रकारात किता सुमिरे आणि ओइवा चिसाकी यांना निवडलं. मिनागावाचं नाव नव्हतं. वर्षभर पुढे ढकललेलं ऑलिम्पिक झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि या खेळात ते वय उतरणीचं. नवे नियम वेग मागत होते. खालून येणाऱ्या मुली वेगवान होत्या.

निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण २०१३ ला घर सोडताना २०२० चं टोकियो हे कुठंतरी मनात असणारच, आणि शेवटी टोकियोतल्या आरियाकेच्या हॉलमध्ये, करोनामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर, जपानच्या दुसऱ्याच दोघी खेळल्या. दोघींनाही अंतिम फेरी गाठता आली नाही. मिनागावा त्यानंतर स्पर्धेच्या गालिच्यावर परतली नाही.

तिच्याबरोबर गेलेल्या हायाकावाचं काय झालं?

हायाकावा साकुरा ओसाकाची. दोघी एकत्र राहिल्या, एकाच प्रशिक्षिकेकडे शिकल्या, एकाच गालिच्यावर एकमेकींशी स्पर्धा करत राहिल्या. दोघींनी सारखंच सोडलं, रिओची जागा मात्र एकीलाच मिळाली. मिनागावाबद्दल लिहिताना तिचं नाव न घेणं मला बरोबर वाटत नाही.

मुलांना हा खेळ खेळता येतो का?

ऑलिम्पिकमध्ये नाही. जपानमध्ये मात्र पुरुषांचं रिदमिक स्वतंत्रपणे वाढलं आहे आणि ते बघण्यासारखं आहे. उसळत्या फ्लोअरवर कोलांट्या, हातात काठी, दोन छोट्या रिंगा, क्लब्ज किंवा दोरी. गटात सहा जण, आणि ते साधनाशिवाय. आओमोरी विद्यापीठाचा संघ त्यात नावाजलेला. आपल्या मल्लखांबाच्या मनोऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांना तो बघून गहिवर येईल, याची खात्री देतो.

आपल्याकडे कुणी करतं का?

करतं. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्राला सुवर्णपदकं मिळवून दिली आहेत. मुंबई-ठाणे पट्ट्यात क्लास सापडतात. अडचण जागेची. १३ मीटर लांब-रुंद गालिचा, आणि त्याच्यावर आठ-दहा मीटर मोकळी उंची. सोसायटीच्या हॉलमध्ये पंखा असतो, आणि हूपचं आणि पंख्याचं वैर जुनं आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. उशीर झाला का?

जागतिक पदकासाठी असेल तर हो, बहुधा. शरीरासाठी, कानासाठी, आनंदासाठी असेल तर अजिबात नाही. आणि यामासाकीबाईंनी हायस्कूलमध्ये सुरुवात केली होती, हे प्रशिक्षकांसमोर न बोलता मनात ठेवा.

तिचा हूपचा प्रयोग पाहायचा आहे. नवख्यानं नेमकं काय बघावं?

पहिल्यांदा काहीच ठरवून बघू नका. दुसऱ्यांदा बघताना हूप वर गेला की आपली नजरही वर जाते, ती मुद्दाम खाली ठेवा. हूप हवेत असताना मिनागावा खाली काय करते ते बघा: गिरकी, लोळण, पाय डोक्यामागे, आणि हात अशा जागी पोचलेला जिथं अजून हूप नाही. तिसऱ्यांदा फक्त पायाची बोटं बघा. पूर्ण दीड मिनिट ती बोटं ताणलेली असतात, अगदी गालिच्यावर चालत येतानासुद्धा. आणि एकदा आवाज बंद करून बघा. संगीत बंद केलं तरी कुठला सूर चढतोय आणि कुठला उतरतोय ते तिच्या खांद्यांवरून कळतं.